उद्याही करता येईल एवढंच

(दहावी, १९९५ च्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी ‘आरोग्यावर थोडं बोल’ म्हणून फोन केला तेव्हा मला हसू आलं. आपल्या तुकडीत तीन डॉक्टर आहेत, एक फिजिओथेरपिस्ट आहे. मी दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारी बाई. मी काय आरोग्यावर बोलणार! पण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक बेत ठरला, म्हणून मी हो म्हणाले. येत्या रथसप्तमीला सगळ्यांनी आपापल्या गावी १०८ सूर्यनमस्कार घालायचे आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, असा तो बेत. पाच मिनिटांत ३६ जणांनी अंगठा दाखवला. ‘अंगठा दाखवणे’ या वाक्प्रचाराचा खरा अर्थ मराठीच्या बाईंनी आपल्याला शिकवला होता. तो इथे लागू नाही असं गृहीत धरते.

बेत मोडा असं सांगायला मी उभी नाही. माझी गोष्ट ऐका आणि मग काय ते ठरवा, एवढंच म्हणणं आहे.

गोष्ट नववीपासून सुरू होते. गॅदरिंगला आपण मानवी मनोरा केला होता, आठवतं? खालच्या रांगेत आम्ही सहा मुली होतो. चार दिवस तालीम झाली. पाचव्या दिवशी आमच्यातली एक जण सरांना म्हणाली, “सर, माझा गुडघा दुखतोय.” आम्ही सगळ्या फिदीफिदी हसलो. गॅदरिंग दोन दिवसांवर आलं आणि हिचा गुडघा दुखतोय! सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला रांगेतून बाहेर काढलं, तिच्या हातात हलगी दिली आणि म्हणाले, “तू ठेका धर.” त्या दिवशी मी मनाशी एक गाठ बांधली: आपण कधीही ‘ती हलगीवाली’ व्हायचं नाही. दुखलं तरी बोलायचं नाही.

ही गाठ मी पुढे पंचवीस वर्षं जपली. इंजिनिअरिंगला जपली, नोकरीत जपली, बाळंतपणानंतर तीन महिन्यांत कामावर रुजू झाले तेव्हाही जपली. “काही नाही गं, होतंय” हे वाक्य इथे बसलेल्या किती बायका दिवसातून किती वेळा म्हणतात, ते तुम्हीच मोजा.

२०१८ साली, ३८ व्या वर्षी, पाठ धरायला लागली म्हणून मी योगवर्गाला जायला लागले. मला आवडलं. तीन महिन्यांत अंग मोकळं झालं, झोप सुधारली. एकवीस जून जवळ आला होता. कंपनीत योगदिनाला १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम ठरला आणि मी नाव दिलं. त्याआधी एका वेळी बारापेक्षा जास्त मी कधी घातले नव्हते. एका सूर्यनमस्कारात आपण दोनदा पुढे वाकतो. म्हणजे १०८ मध्ये २१६ वेळा. त्यातली शेवटची शंभर वाकणी मी कंबरेतून कशी ओढली, हे माझं मलाच ठाऊक. पूर्ण केले, टाळ्या मिळाल्या, फोटो निघाला. दुसऱ्या दिवसापासून उजव्या बैठकीच्या हाडाशी, जिथे मांडीमागचा स्नायू हाडाला धरलेला असतो तिथे, खुपायला लागलं. खुर्चीत बसलं की दुखायचं, आणि माझं तर कामच खुर्चीतलं. मी बोलले नाही.

पावसाळ्यात वर्गात शीर्षासन सुरू झालं. मला ते येत होतं आणि येतं याचा अभिमानही होता. आठवडाभरात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांना मुंग्या यायला लागल्या. शिक्षकांनी एकदा विचारलंसुद्धा, “मानेला काही त्रास?” मी म्हणाले, “नाही.” हे ‘नाही’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग उत्तर ठरलं. आज मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. त्यांना खरी माहितीच दिली नाही, तर ते तरी काय करणार?

एका सकाळी चहाचा कप उचलला आणि बोटांतून सुटला. मुलगी समोर बसली होती, पाचवीतली. तिला वाटलं आई मुद्दाम गंमत करतेय. मला मात्र घाम फुटला. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती बाहेर येऊन नस दाबत होती. डॉक्टरांनी विचारलं, “मुंग्या कधीपासून?” मी म्हणाले, “चार महिने.” “मग चार महिने काय करत होतात?” मी म्हणाले, “रोज योगासनं.” ते काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले.

इथे एक गोष्ट सरळ सांगते. चकतीचा दोष एकट्या शीर्षासनाचा नव्हता. पंधरा वर्षं मी लॅपटॉपवर मान घालून बसले होते. मान आधीच थकलेली होती, तिच्यावर मी अख्खं शरीर उलटं उभं केलं, आणि ती ओरडत होती तेव्हा कान बंद केले. शस्त्रक्रिया टळली. पण टायपिंग पुन्हा पूर्ववत व्हायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत रात्री जागून मी हिशोब करायचे: घराचा हप्ता, मुलीचं शिक्षण, आणि बोटं चाललीच नाहीत तर काय? इंजिनिअरचं सगळं भांडवल शेवटी दहा बोटांत असतं.

त्या काळात आसनं बंद होती, म्हणून वाचन केलं. आणि लाज वाटली, कारण मी जे करत होते ते योगाच्या जुन्या ग्रंथांनाच धरून नव्हतं. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर थेट अशी सूत्रं तीनच आहेत, आणि त्यांत आसनाला दोनच अटी घातल्या आहेत: ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. डोक्यावर उभं राहावं, कपाळ गुडघ्याला लागावं, यातलं काही तिथे नाही. यमांमध्ये पहिला यम अहिंसा. ती स्वतःच्या मानेलाही लागू होते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हठयोगप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत फार खाणं आहे, फार बोलणं आहे, नियमांचा हट्ट आहे, लोकांत फार मिसळणं आहे, मनाची चंचलता आहे. आणि अतिश्रम आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या सहापैकी किती सापडतात, ते ज्याने त्याने बघावं.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले. लहानपणी ते स्वतः आजारी, अशक्त मुलगा होते. दोऱ्या, ठोकळे, लोड, खुर्च्या, भिंत यांचा आधार घेऊन आसन करायची पद्धत त्यांनी जगभर नेली. आधार घेणं हे मला पूर्वी कमीपणाचं वाटायचं. आता कळतं, की आधारामुळे आसन शरीराच्या मापाचं होतं. शाळेचा गणवेश कसा आई वाढत्या अंगाचा शिवून घ्यायची? हे तसंच, फक्त उलट्या दिशेने. पंचेचाळिशीत आसन आखडत्या अंगाचं शिवावं लागतं.

आणि सूर्यनमस्कार तर आपल्या घरचे. आपल्याच जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. ते स्वतः वर्षानुवर्षं रोज घालत. ‘रोज’ हा शब्द लक्षात ठेवा. वर्षातून एकदा १०८ घालणं हा वेगळाच प्रकार आहे.

आता मी काय करते ते सांगते. मी योगशिक्षिका नाही, डॉक्टर तर नाहीच. तुमचं तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आपल्या वर्गातल्या तिघांनी नंबर दिले आहेत, पण रात्री अकरा वाजता फोन करू नका, असंही त्यांनी सांगितलं आहे.

पहिली गोष्ट: सुरुवात करण्याआधी शिक्षकांना आपला सगळा कच्चा चिठ्ठा सांगायचा. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास, गुडघे, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू गोळ्या. हे ऐकायला बारीकसारीक वाटतं, पण डोकं खाली आणि पाय वर गेले की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू असलेल्याने ते करू नये. रक्तदाब ताब्यात नसेल तर शीर्षासन नको, श्वास कोंडून धरणं नको, जोरजोरात कपालभाती नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वाकलेल्या स्थितीतून झटकन उभं राहू नये, चक्कर येते. आणि मैत्रिणींनो, पाळी जायच्या सुमारास हाडं विरळ व्हायला लागतात. हाडं ठिसूळ झालेली असतील तर पाठीची कमान करून जोर लावून पुढे वाकणं मणक्याला धोक्याचं असतं. तिथे पाठ सरळ ठेवून, खुर्चीवर हात टेकून अर्धंच वाकायचं.

दुसरी गोष्ट: दुखण्याची भाषा शिकायची. स्नायूच्या मध्यभागी पसरलेला ताण, जो आसन सोडलं की विरतो, तो चालतो. सांध्यात टोचणं, जळजळ, चमक, मुंग्या, बधिरपणा, श्वास अडकणं, यातलं काहीही आलं की तिथेच थांबायचं. ‘अजून पाच आकडे’ नाही. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर काल जास्त झालं. इतका साधा हिशोब.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे. चालू प्रणालीत आम्ही एका वेळी एकच बदल करतो. दोन केले आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. तसंच इथे. या आठवड्यात नवं आसन घेतलं तर वेळ वाढवायचा नाही, आणि वेळ वाढवला तर नवं आसन नाही. मी एक वही ठेवली आहे. रोज एक ओळ: काय केलं, किती वेळ, आणि दुसऱ्या सकाळी कसं वाटलं. सात वर्षांच्या अशा चार वह्या झाल्या. २०१८ ला ही वही असती, तर मुंग्यांची नोंद पहिल्याच आठवड्यात झाली असती. कागदाशी खोटं बोलणं जरा अवघड जातं.

चौथी गोष्ट: किमान ठरवायचं. माझा रोजचा वेळ पंचवीस मिनिटांचा. सकाळी रिकाम्या पोटी, आधी पाठीवर पडून दोन मिनिटं नुसता श्वास. मग मार्जारासन, ताडासन, भिंतीला हात लावून पुढे झुकणं, खुर्चीला धरून वीरभद्रासन, अगदी कमी उंचीचं भुजंगासन, सेतुबंध, चार संथ सूर्यनमस्कार, गुडघे थोडे वाकवून. मग श्वास न रोखता अनुलोम-विलोम, आणि पाच मिनिटं शवासन. शवासन मी आधी वेळ वाचवायला गाळायची. आता बाकीचं गाळते, ते नाही. शीर्षासन मी पुन्हा केलेलं नाही, आणि त्याची खंतही उरलेली नाही.

पण सगळेच दिवस पंचवीस मिनिटांचे नसतात. सासूबाई दवाखान्यात होत्या, तेव्हा त्यांच्या खाटेशेजारी मी फक्त खांदे फिरवले, मान सावकाश डावी-उजवी केली आणि दहा श्वास मोजले. पाच मिनिटं. वहीत तीही ओळ आहे. पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणं आणि आदर. पाच मिनिटांचा दिवस धरला, तरच खंड पडत नाही. म्हणून माझा नियम असा: आज एवढंच करायचं, की उद्याही करता येईल.

आणि शेवटची गोष्ट, योगाची भक्त असूनही सांगते: आसनं म्हणजे सगळं काही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. संथ आसनांनी तो दमसास भरून निघत नाही. म्हणून संध्याकाळी मी भरभर चालते. माझ्या मुलीच्या मते ते चालणं नव्हे, बस पकडणं आहे.

आता रथसप्तमीकडे येते. आज सकाळी प्रार्थनेनंतर आपण मैदानावर उतरलो तेव्हा तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. सर खुर्चीवर बसून हात वर-खाली करत होते. कुणीतरी प्रेमानेच म्हणालं, “सर, उठा ना, एक तरी नमस्कार होऊ दे!” सर म्हणाले, “आज नाही रे. गुडघा दुखतोय.” सहज म्हणाले, पाऊस पडतोय म्हणावं तसं. ज्या माणसाने आपल्याला मल्लखांब शिकवला, तो ऐंशी वर्षांचा माणूस साठ जणांसमोर ‘दुखतोय’ म्हणाला आणि हात हलवत राहिला. मी तिथेच उभी राहून नववीतली ती तालीम आठवत होते. सर तेव्हाही हेच शिकवत होते. फक्त तो धडा एकाच मुलीला समजला होता, आणि आम्ही तिला हसलो होतो.

ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. जेवताना मी तिला विचारलं, “गुडघा कसा आहे गं?” ती म्हणाली, “कुठला गुडघा?” बाई मागच्या वर्षी रायगड चढून आल्या आहेत, पायऱ्यांनी. तुझी माफी मागायची राहिली होती. ती आज सगळ्यांसमोर मागते.

तर माझी सूचना अशी. आपण ३६ जण आहोत. वर्गात असताना आपला आपापसात छत्तीसचाच आकडा होता, पण आता तो कामाला येईल. ३६ गुणिले ३ किती, ते गणिताच्या सरांसमोर मी सांगत नाही. प्रत्येकाने फक्त तीन सूर्यनमस्कार घालायचे. संथ, हवे तर गुडघे वाकवून, हवे तर खुर्चीला धरून. १०८ आपोआप होतात. ज्याला तेही जमत नसेल त्याने आकडे मोजायचे, ठेका धरायचा. हलगी वाजवणाराही मनोऱ्यातच असतो.

आणि व्हिडिओ टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर प्रत्येकाने एक ओळ टाका: आज कसं वाटतंय. दुखत असेल तर ‘दुखतंय’ असंच लिहा. कुणी हसणार नाही. हसलंच कुणी, तर सरांना सांगेन.